उगवणाऱ्यालाच जागा

बाळंतिणीची सासू सूप हातात घेऊनच आमच्या दारात आली. सुपात मूठभर तांदूळ होता. ती माझ्याशी बोलली नाही, माझ्या लेकीशी बोलली. मला विचारलं तर उत्तर यायला वेळ लागतो, हे गावात सगळ्यांना माहीत आहे.

"काय वो बाई, तुह्या मोबाइलनं आमाले काय देलं?" ती म्हणाली. "सुनेच्या पेजेसाठी उकडा मागतला मी. पेज लावली त सारा गोळा झाला. हा उकडा होय? पाह्य."

लेकीनं दोन दाणे तळहातावर घेतले आणि माझ्याकडे पाहिलं. तिला त्यातलं कळत नाही. बारावीनंतर ती चंद्रपूरला शिकली, आता नागपूरला एका कंपनीत प्रोग्राम लिहिते. पंधरा दिवसांच्या सुट्टीत ती घरी आली होती.

मी भिंतीजवळ उभी होते, तिथूनच मला दिसलं. दाणा पांढरा होता. उकड्याचा दाणा काचेसारखा असतो, थोडा पिवळा, आणि पेजेत तो सुटा राहतो. हा साधा तांदूळ होता, न उकडलेल्या धानाचा.

मी घाबरले. तिच्या पेजेसाठी नाही. पेज दुसरी लावता येते.

गावातल्या बायांच्या आमच्या गटाची एक खोली आहे. तिच्यात बी ठेवतो. लुचई जातीचं धान, लाखोळीचं कडधान्य, जवस. जे बी बाजारात मिळत नाही ते त्या खोलीत मिळतं, म्हणून नाल्यापलीकडच्या टोल्यावरूनही, म्हणजे तिकडच्या वस्तीवरूनही, बाया येतात. त्याच खोलीत आणखी एक वस्तू असते. उन्हाळ्यात घराघरांतून सूपभर धान गोळा करून, उकडून, वाळवून ठेवतात. पावसाळ्यात ज्या घरी बाळंतीण असेल त्या घराला ते पेजेसाठी देतात. तांदूळ केला तर किडे पडतात, म्हणून ते टरफलासकट, धान म्हणूनच ठेवतात. धान तेच, लुचईच. एक पेरायचं, एक उकडलेलं. वरून दोन्ही जवळपास सारखीच दिसतात. उकडलेल्याचं टरफल थोडं मळकट होतं, पण त्या खोलीला एकच लहान खिडकी आहे.

पूर्वी यात कधी चूक झाली नाही, कारण खोली एका म्हाताऱ्या बाईकडे होती. ती उकड्याची ढोली मागच्या कोपऱ्यात ठेवायची, बियाची दाराजवळ. ढोली म्हणजे बांबूची विणलेली, शेणामातीनं लिंपलेली मोठी कणगी. आणि कोणी पेरायला मागितलं की ती आधी वीस दाणे ओल्या फडक्यात बांधून ठेवायची. कोंब आले तर द्यायची. घाई करणाऱ्याला म्हणायची, "तुले घाई हाय, दाण्याले नाई." यंदा ती मुलाकडे ऊर्जानगरला राहायला गेली. ढोल्या उंदरांनी कुरतडल्या होत्या, म्हणून उन्हाळ्यात आम्ही सगळं पोत्यांत भरलं. पांढरी, एकसारखी पोती. लुचईची तीन अर्धी पोती झाली. दोन बियाची, एक उकड्याचं.

आणि म्हाताऱ्या बाईच्या जागी मोबाइल आला.

तो प्रोग्राम माझ्या लेकीनं लिहिला होता, होळीला घरी आली तेव्हा. गटाच्या अध्यक्षबाईंनी सगळ्या बायांसमोर तिचं कौतुक केलं. मोबाइलवर नोंद करायला कोणी तयार नव्हतं. माझं शिक्षण चौथीपर्यंत, पण अक्षर वाचता येतं आणि मी कोणाशी भांडत नाही, म्हणून ते काम माझ्याकडे आलं.

शिकवताना लेकीनं मला लॅपटॉपवर आतलं लिखाणही दाखवलं होतं. इंग्रजी अक्षरात तिनं 'ढोली' असंच लिहिलं होतं. त्याच्या पुढे बाणाच्या टोकांसारख्या दोन खुणा, आणि त्यांच्या मध्ये एकच अक्षर, टी.

"हे टी म्हंजे रिकामी जागा, आई," ती म्हणाली होती. "ढोली एकदाच लिहायची. मंग टीच्या जागी धान ठेव, मोहाचे फुलं ठेव, लाखोळी ठेव. दर वस्तूसाठी नवीन ढोली लिहावी लागत नाई."

"कायबी ठेवलं त चालते?"

"कायबी. हेच त चांगलं हाय त्याच्यात."

मला तेव्हा वाटलं होतं की विचारावं, जे ठेवायचं नाही ते कोणतं, हे कुठे लिहिलं आहे? पण ती आनंदात होती. मी गप्प राहिले.

मग पोती भरली त्या दिवशी मी नोंद केली. मोबाइलनं विचारलं, वस्तू कोणती? मी लिहिलं, धान. जात? लुचई. किती? अर्धं पोतं. असं तीनदा. तिसऱ्या वेळी माझं बोट थांबलं होतं, कारण तिसरं पोतं उकड्याचं होतं आणि उकडा लिहायला मोबाइलमध्ये जागाच नव्हती. अध्यक्षबाई मागे उभ्या होत्या. "काय पाहून राह्यली वो? दाब ना," त्या म्हणाल्या. मी दाबलं. मोबाइलनं हिरवी खूण दाखवली. मला वाटलं, त्यानं घेतलं म्हणजे बरोबर असेल.

चार दिवसांपूर्वी नाल्यापलीकडची एक बाई पेरायचं धान न्यायला आली. नवरा वारल्यापासून ती एकटीच शेती करते. धानाची एकच बांधी, म्हणजे बांध घातलेला शेताचा तुकडा, आहे तिची, आणि ती सरकारी बियाणं लावत नाही, लुचईच लावते. मी 'पेरायला द्या' हे बटण दाबलं. मोबाइलवर तीन ओळी आल्या, धान लुचई, धान लुचई, धान लुचई. मी पहिली ओळ दाबली आणि हाताशी आलेलं पहिलं पोतं तिच्याकडे सरकवलं; कोणतं आधी नोंदवलं याची पोत्यांवर खूण नव्हती. सरकवताना तोंड थोडं सुटलं आणि मला वास आला. उकडलेल्या धानाला एक वास असतो, कितीही वाळवलं तरी राहतो. भिजल्या पोत्यासारखा. आला की नाही, नीट कळण्याआधीच तिनं पोतं उचललं. ती फटकळ आहे. "चाल बाई, मले पऱ्हे टाकायचे हायेत, आभाळ कोनासाठी थांबत नाई," असं म्हणून ती गेली. पऱ्हे म्हणजे धानाचं रोप. आधी लहान वाफ्यात दाट पेरून रोप करतात, मग महिन्याभरानं ते बांधीत लावतात, त्याला रोवणी म्हणतात.

मी काही बोलले नाही. दुसऱ्या दिवशी 'पेजेला द्या' हे बटण दाबलं, पुन्हा तशाच ओळी आल्या, आणि बाळंतिणीच्या घरी दुसरं पोतं गेलं.

आता सूप घेऊन आलेली सासू दारात उभी होती आणि तिच्या सुपात साधा तांदूळ होता. म्हणजे बाळंतिणीकडे बियाचं पोतं गेलं. मग उकड्याचं कुठे होतं? एक तर खोलीत, तिसरं. नाही तर नाल्यापलीकडे, वाफ्यात.

सासू गेल्यावर मी हे सगळं लेकीला सांगितलं. वासाचं सांगितलं नाही.

तिचा चेहरा उतरला. "चाल, खोली उघडून पाहू."

किल्ली अध्यक्षबाईंकडे होती आणि अध्यक्षबाई कामासाठी गडचिरोलीला गेल्या होत्या. चारच्या बसनं येणार होत्या.

"मंग त्या बाईच्याच घरी जाऊ सरळ. वाफा पाहू."

"किल्ली येऊ दे," मी म्हणाले. "उगाच तिले काऊन भेव दाखवायचा? खोलीतच असन उकडा."

हे खरं कारण नव्हतं. तिच्या दारात जायचं म्हणजे मला बोलावं लागलं असतं. किल्लीची वाट पाहणं सोपं होतं. वाफ्यात बी पडून चार दिवस झाले होते. आठव्या-दहाव्या दिवशी ज्याचं उगवलं नाही त्याला कळतंच, पण तोवर मृगाचे दिवस निघून जातात. आणि आमच्या बाजूला त्या वेळी कोणाकडेच जास्तीचं बी उरत नाही. तिचं वर्ष त्या वाफ्यात होतं. हे मला माहीत होतं, तरी मी चुलीपाशी जाऊन बसले.

लेक लॅपटॉप घेऊन ओसरीत बसली. बराच वेळ ती नुसती वाचत होती. मग तिनं मला हाक मारली.

"आई, इथी ये. हे पाह्य."

मला त्यातलं एक अक्षर लागत नव्हतं, पण ती बोटानं दाखवत होती.

"मी 'पेरायला द्या' लिहिलं ना, तवा मी आतल्या वस्तूले विचारत होती, तुही उगवन कधी पाह्यली? मशीननं मले अडवलं होतं. ते म्हने, टीच्या जागी कायबी येऊ शकते, मंग मी त्याले उगवनीचं कसं विचारू? मोह आला त? मोहाच्या फुलाले कुठी उगवन असते?"

"मंग?"

"मंग मी त्याले म्हनलं, तू विचारू नोको, मी सांगतो ना, बीच हाय ते. एका ओळीत त्याचं तोंड बंद करता येते. मले वाटलं, कोन मोह टाकन पेरायच्या यादीत?" ती लॅपटॉपकडेच पाहत होती. "त्यानं विचारलं होतं, आई. मीच गप केलं त्याले."

मी खाली पाहिलं. मलाही त्या दिवशी नाकानं विचारलं होतं.

ती कामाला लागली. ती लिहीत असताना मी तिच्यामागे बसून तांदूळ निवडत होते, पण निवडून झालेलेच पुन्हा निवडत होते. तिला जे करायचं होतं ते ती मोठ्यानं बोलत करत होती. लहानपणी पाढे म्हणायची तशी.

"टीले मोकळं नाई सोडायचं आता. टीच्या पुढे अट लिहायची. या जागी कोन बसू शकते अन् कोन नाई. म्हंजे चुकीची वस्तू आत जाईनच नाई, दारातूनच वापस. मोबाइलवर येऊन फसण्याआधी, लिहितानाच लाल होईन." तिनं काहीतरी लिहिलं. "हे पाह्य. टी म्हंजे धानाच्या घरातलंच कायतरी पायजे. आता मोह नाई चालत."

स्क्रीनवर दोन-तीन ठिकाणी लाल रेघा उमटल्या. ती खूष झाली. "पाह्य, इथी मोहाले घेत होतं. इथीबी."

मी तांदळाचं सूप खाली ठेवलं. बोलायचं होतं. ती शिकलेली, मी चौथी. तिच्या कामात मी काय बोलणार?

"उकडाबी धानच होय ना," मी म्हणाले.

ती वळली. "काय?"

"तू म्हनून राह्यली धानच पायजे. उकडाबी धानच. तो जाईन आत. अन् लाखोळी धान नाई, ते बाहेर राहीन. लाखोळीबी पेरतेत लोक."

ती माझ्याकडे पाहत राहिली. मग हसली, पण हसू लगेच गेलं. तिनं ती ओळ पुसली.

"मंग काय विचारायचं, तू सांग."

"नाव नोको विचारू. उगवते का, ते विचार."

त्यानंतर तिनं जे केलं ते मला समजलं तेवढं लिहिते. तिनं एक नवं नाव तयार केलं, 'उगवणारं'. ती म्हणाली, ही वस्तू नाही, हा करार आहे. ज्याला उगवता येतं आणि ज्याची उगवण पाहिली आहे, त्यानंच या करारावर सही करायची. बियाच्या धानानं सही केली, लाखोळीनं केली, जवसानं केली. उकड्याला तिनं वेगळं नाव दिलं. तेही धानाच्याच घरातलं, पण त्याला सही करू दिली नाही. मोहालाही नाही. आणि मग पेरायच्या ढोलीत, टीच्या पुढे, तिनं ती अट लिहिली. इथे कोणीही बसा, धान असा की लाखोळी असा, पण करारावर सही असलेलाच बसेल.

तिनं ती ओळ पुरी केली आणि लॅपटॉप लालच लाल झाला. मी घाबरले. मला वाटलं, माझ्या बोलण्यानं बिघडला.

"बिघडला नाई," ती म्हणाली. "हे सारं आधीपासूनच चुकत होतं. फक्त दिसत नव्हतं." ती एकेक लाल ओळ उघडत गेली. एका ओळीपाशी थांबली. "आई. पेरायची यादी अन् पेजेची यादी एकच होती. दोन्ही बटनं तीच यादी दाखवत होती. तीन पोते, तीन सारख्या ओळी. तू कोनतीबी ओळ दाबली असती त तेच झालं असतं."

तिला मला दिलासा द्यायचा होता. पण मी यादीतून वास घेतला नव्हता, पोत्यातून घेतला होता.

"मंग हे सांगन का आता, कोनतं पोतं कुठी गेलं?" मी विचारलं.

"नाई. हे फक्त आता पुढे चूक होऊ देनार नाई. जे देऊन झालं ते ह्याले माहीत नाई."

चारची बस सव्वाचारला आली. आम्ही दोघी थांब्यावरच उभ्या होतो. अध्यक्षबाई उतरल्या, हातात पिशव्या, कपाळाला घाम. लेकीनं सगळं सांगितलं. त्यांनी माझ्याकडे एकदा पाहिलं आणि सरळ खोलीकडे चालू लागल्या.

कुलूप उघडलं. तिसरं पोतं कोपऱ्यात होतं. मला गाठ सुटेना, लेकीनं सोडली. मी एक दाणा घेऊन नखानं सोलला आणि दाराच्या उजेडात धरला.

पांढरा. मी दुसरा सोलला, तिसरा सोलला. खोल हात घालून पोत्याच्या तळातला काढून सोलला. सगळे पांढरे.

"चांगलं बी हाय," मी म्हणाले.

अध्यक्षबाई पालथ्या पाटीवर बसल्या. त्यांनाही कळलं होतं.

"बस वो जराशी," त्या मला म्हणाल्या. "घाई करू नोको. पाखरं खातेत, मुंग्या नेतेत, कधी कधी उगवतच नाई. तिले वाटन पाखरानं खाल्लं."

"काकू, असं कसं?" लेक म्हणाली.

"तू गप. तू नागपूरले जाशीन निघून. आमाले इथी राहाचं हाय. एकदा का टोल्यावर झालं, की गटानं उकडलेलं बी देलं, मंग कोन येईन आपल्या दारात? हसतीन लोक. म्हनतीन मोबाइलनं पेज पेरली." त्यांनी पोत्याकडे बोट दाखवलं. "अन् हे तिसरं पोतं माह्या वाफ्यासाठी ठेवलं होतं. तुमाले माहीत हाय."

माहीत होतं. त्यांनी अजून पऱ्हे टाकले नव्हते.

त्या वाईट बाई नाहीत. गट त्यांनीच उभा केला, उन्हातान्हात फिरून. त्या दिवशी त्या थकलेल्या होत्या आणि घाबरल्या होत्या. मीही घाबरले होते, म्हणून मला त्यांचं कळत होतं.

मी पोत्याचं तोंड बांधलं. बांधून ते दाराकडे ओढलं. कोणाला विचारलं नाही. माझ्या आयुष्यात मी कोणाच्या समोरून अशी वस्तू उचललेली नव्हती, आणि मला वाटलं त्या आता ओरडतील.

"कुठी नेऊन राह्यली?"

"तिच्या घरी," मी म्हणाले. "बाळंतिणीकडं गेलं ते पोतं बियाचंच हाय. तिनं दोन पायल्या फक्त कांडल्या. उरलेलं मी तुमच्या घरी आनून देतो उद्या संध्याकाळपावतर."

एवढं लांब वाक्य मी त्यांच्याशी कधी बोलले नव्हते. त्या तशाच किल्ली मुठीत धरून बसल्या होत्या. आम्ही बाहेर पडलो तेव्हा मागून म्हणाल्या, "आज नोको जाऊ. नाल्यावर वाघ दिसला होता परवा. सकाळी जा."

त्या रात्री मी जेवले नाही, हे लेकीनं पाहिलं. ती म्हणाली, "मी बोलतो ना तिच्याशी. चूक माह्या प्रोग्रामची हाय." मी हो म्हटलं. झोपेपर्यंत मला त्याचाच आधार होता.

सकाळी उजाडल्यावर निघालो. गावातले दोघे-तिघे त्याच बाजूला शेतावर जाणारे होते, त्यांच्यासोबत. पोत्यातलं धान आम्ही दोन गाठोड्यांत केलं होतं, एक माझ्या डोक्यावर, एक लेकीच्या. नाल्याला पोटरीभर पाणी होतं.

ती बाई वाफ्याजवळच होती. वाफ्यावर काटेरी फांद्या टाकल्या होत्या, कोंबड्या येऊ नयेत म्हणून. आमच्या डोक्यावरची गाठोडी पाहून ती उभी राहिली.

"हे काय, आज वाटत फिरून राह्यले का बी?" ती हसून म्हणाली.

लेकीनं गाठोडं उतरवलं. "काकू, असं झालं, प्रोग्राममध्ये एक..."

"मी सांगतो," मी म्हणाले.

लेक थांबली. बाई माझ्याकडे पाहायला लागली. मला वाटतं तिनं माझा आवाज त्याआधी दोनदाच ऐकला असेल.

मी सांगितलं. तीन पोती होती, एक उकड्याचं होतं, ते तुझ्याकडे आलं. तिसरं मी सोलून पाहिलं, बाळंतिणीच्या घरचं पाहिलं, दोन्ही बी आहे. म्हणजे तुझ्या वाफ्यात उकडा आहे.

तिचं हसू तोंडावर तसंच राहिलं होतं, पण डोळे बदलले. ती खाली बसली, एक फांदी बाजूला केली आणि बोटानं माती उकरली. दोन दाणे निघाले. फुगलेले होते. तिनं एक चिमटीत दाबला. आतून पांढरं पीठ बाहेर आलं, बुळबुळीत. वास आला. तिनं दुसऱ्या बाजूला उकरलं, तिथेही तसंच. कुठेही कोंब नव्हता. पाचव्या दिवशी असायला हवा.

"माहा वाफा," ती म्हणाली. मग मोठ्यानं म्हणाली, "माय वो, तुमी मले पेज पेराले देली!"

मी डोक्यावरचं गाठोडं खाली ठेवलं.

"तुले माहीत नोयतं?" ती माझ्याकडे वळली. "तू देलं ना मले हातानं. उकडा कोनाले कळत नाई? लेकराले कळते. तुले कळलं नाई?"

लेक म्हणाली, "काकू, यादीत तिन्ही सारखेच..."

"मी हिले विचारून राह्यली."

मी म्हणू शकले असते की खोलीत अंधार होता. तो होताच. मी म्हणू शकले असते की घाई तिलाच होती. तीही होती.

"वास आला होता," मी म्हणाले. "पोतं सरकवलं तवाच आला होता. मी बोलली नाई."

लेकीनं माझ्याकडे पाहिलं. तिला हे माहीत नव्हतं.

"काऊन नाई बोलली?"

  मी म्हटलं, "भेव वाटला."

"माहा?"

"हो."

ती खूप बोलली. जे बोलली ते सगळं लिहीत नाही. माझ्या गप्प राहण्यावर बोलली, गटावर बोलली, मोबाइलवर तर फारच बोलली. "जुनी बुढी नाक लावून देत होती," ती म्हणाली, "तुमच्या मशीनले नाक हाय का?" लेकीनं मान खाली घातली. मग बाई एकदम थांबली, आभाळाकडे पाहिलं, आणि म्हणाली, "उभ्या काऊन हाव? वाफा पुन्हा भुसभुशीत करावा लागन. कुदळ घ्या."

आम्ही तिघींनी तो वाफा खणला. कुजलेले दाणे मातीत मिसळले. लेकीच्या हाताला फोड आले, तिनं सांगितलं नाही. बाईनं आमच्या गाठोड्यातलं धान मुठीनं उचललं, पण पेरण्याआधी वीस-पंचवीस दाणे काढून पदराच्या टोकाला बांधले आणि तो भाग पाण्यात बुडवला.

"हे माह्या जवळ राहीन," ती म्हणाली. "तुमचा आता भरोसा नाई."

पेरून झाल्यावर तिनं आम्हाला चहा दिला नाही. आम्ही मागितलाही नाही.

परतताना नाल्याच्या अलीकडे लेक म्हणाली, "आई, त्या बटनाच्या आधी एक पान टाकतो. उगवन कोनी पाह्यली, कधी पाह्यली. ते भरल्याबिगर करारावर सहीच होनार नाई."

"कोन भरन ते?"

"तू."

"मंग असंबी लिही," मी म्हणाले, "का देनारीनं दाना सोलून पाह्यला. वास घेतला."

"मशीनले वास कसा कळन?"

"मशीनले नाई. मले विचारन ना ते. हो का नाई म्हनून." मी लुगड्याचा ओला काठ पिळला. "विचारलं त मी सांगीन."

ती चालता चालता मोबाइलवर ते लिहून घेऊ लागली. मग विचारलं, "अजून काय?" आणि मी सांगत गेले. जवस कसं हातात घ्यायचं, लाखोळीला भोक पडलं तर ती पेरायच्या यादीतून काढायची, पण डाळीच्या यादीत चालेल, जुनं बी दोन पावसाळ्यांनंतर पुन्हा पाहायचं. गावापर्यंतचा रस्ता कधी संपला कळलं नाही. संध्याकाळी बाळंतिणीच्या घरून उरलेलं धान अध्यक्षबाईंकडे नेऊन दिलं. त्यांनी ते सोलून पाहिलं आणि आत ठेवलं.

सोमवारी गटाची बैठक होती. अध्यक्षबाईंनी विषय काढला नाही. शेवटी सगळ्या उठायला लागल्या तेव्हा मी बसूनच सांगितलं. उठून उभं राहायला जमलं नाही. उकड्याचं पोतं मी दिलं, कोणाला दिलं, काय झालं, आणि आता पेरायचं बी कसं दिलं जाईल. दोघी-तिघी हसल्या. एक म्हणाली, "बाप्पा, ही बोलतेबी!" बाळंतिणीची सासू म्हणाली, "बोलू द्या तिले." अध्यक्षबाईंनी माझ्याकडे पाहिलं नाही, पण खोलीची दुसरी किल्ली जाताना माझ्यासमोर ठेवली.

नाल्यापलीकडे मी पुन्हा पेरल्यावर सहाव्या दिवशी गेले, एकटी. बाई घरी नव्हती. वाफ्यावरच्या फांद्या मी थोड्या उचलल्या. सुईएवढे हिरवे कोंब वर आले होते, सगळीकडे नाही, पण दाट होते. मी फांद्या होत्या तशा ठेवल्या आणि तिची वाट न पाहता परत आले.

तिचे पऱ्हे आठवड्यानं मागे पडले. टोल्यातल्या सगळ्यांची रोवणी झाली तेव्हा तिची बांधी रिकामीच होती, नुसतं पाणी उभं होतं तिच्यात. शेवटी तिचा निरोप आला, दोन बाया कमी पडतात. अध्यक्षबाई आणि मी गेलो. दिवसभर वाकून रोप लावलं. ती माझ्या शेजारच्या ओळीत होती आणि माझ्यापेक्षा भराभर लावत होती. दुपारी तिनं वळून माझ्या ओळीकडे पाहिलं. मग म्हणाली, "तुही ओळ वाकडी चालली. सांगू का नोको?"

"सांग," मी म्हणाले.